अप्पा असं म्हणालेच नव्हते

हे माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही. एकदा डॉक्टर बाईंना सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, लेझरचं मशीन सुरू केलं आणि ते राहिलंच. बरं झालं, असं वाटलं तेव्हा. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का — ते मलाही नीट कळलेलं नाही.

सुरुवात केसांपासून करावी लागेल. हसलात तरी चालेल, अप्पाही हसायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. मानपाड्याला रंगाच्या कंपनीत हेल्पर, चौथी शिकलेले, आणि ऐन तारुण्यातच पूर्ण टकले. त्यांना त्याचं काही नव्हतं. "टक्कल काय चोरीचं आहे का?" म्हणायचे आणि स्टीलचा डबा पुसावा तसं टॉवेलने डोकं पुसायचे. माझेही केस मागे सरत चाललेले, आणि मला मात्र त्याचं फार होतं. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम., फर्स्ट क्लास, ठाण्यात ऑफिसात नोकरी. भावकीत माझं नाव घेताना काकांचा आवाज चढायचा. आणि मुलगी बघायला जावं, तर तिची नजर माझ्या डिग्रीवर नाही, कपाळावर. असं मला वाटायचं. खरंच तसं होतं का? आता कोण सांगणार.

घरी म्हणालो, ऑफिसचं ट्रेनिंग आहे नाशिकला. आणि कल्याणला जाऊन केस लावून घेतले. मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लिनिक होतं. शिकलेला माणूस मी, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढतो — तिथे एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटत होती ना, लवकर आटपायचं होतं. त्यांनी मागून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कातडीची पट्टी कापली आणि त्यातले केस पुढे लावले. काही महिन्यांनी जे उगवलं ते... कसं सांगू? प्लॅस्टिकच्या बाहुलीचं डोकं बघितलंय? तसे जाड जाड झुपके. पुढची ओळ आखल्यासारखी सरळ, आणि भुवयांच्या फार जवळ. मागे बोटभर रुंद वण. तो झाकायला मागचे केस वाढवले.

घरात सगळ्यांनी बघितलं असणार. बोलले एकटे अप्पा. जेवताना माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुझं कपाळ कुठे गेलं?"

मी ताट सरकवून उठलो. पुढे बरेच दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांचं हे वाक्य तेवढं लक्षात असू द्या.

मग कोपरीला या डॉक्टर बाई मिळाल्या. बिघडलेलं सुधारायचं कामही त्या करायच्या. खाली आलेली पुढची ओळ लेझरने जाळायची, केस परत येतात म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा जाळायची. झुपके एकेक करून काढायचे, सुटे करून दुसरीकडे लावायचे. मागच्या वणात दाढीचे केस भरायचे. "घाई केलीत तर पुन्हा तेच होईल," त्या म्हणाल्या. लेझरचा चटका म्हणजे कपाळावर रबर ओढून सोडावं तसा. मी आनंदाने सोसला. अर्धं काम झालं, आणि अप्पा आजारी पडले.

डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात होते. आई कायम उशाशी. फक्त डबा करायला घरी जायची, तेवढा वेळ मी बसायचो. अप्पांच्या तोंडाला मास्क, बोलणं जवळजवळ बंद. त्या खुर्चीत बसून मी त्यांच्याशी काय बोललो? काही नाही. मोबाईल बघत होतो.

ते गेले. थोरला म्हणून अग्नी मी दिला. परत येताना काका म्हणाले, "केस दहाव्याला काढू, खाडीवर. दोघांही भावांनी बसायचं."

तिथून पुढे मी बापासाठी रडलो नाही. मला नुसता वस्तरा दिसत होता. माणसं भेटायला येत होती, डोळे पुसत होती, आणि मी सतरंजीवर बसून प्रत्येकाची नजर माझ्या डोक्याच्या कुठल्या भागावर जाते ते बघत होतो. केस उतरले की मागे तो वण, सगळ्या भावकीसमोर. पुढे लेझरचे तपकिरी डाग, झुपके काढलेल्या जागी बारीक खड्डे. काय सांगणार होतो? अपघात? कुठला अपघात, जो आईला माहीत नाही? शेवटी गच्चीवर जाऊन डॉक्टर बाईंना फोन केला. वस्तरा चालेल का? त्या म्हणाल्या, "खुशाल करा हो. मुळांना काही होत नाही." म्हणजे तोही आधार गेला.

दहाव्याला रेतीबंदरला गेलो. न्हावी पाण्यापाशी पाट मांडून बसलेला. धाकटा महेश आधी बसला. त्याचं डोकं मोकळं झालं आणि — अप्पाच. हुबेहूब.

"चल रे बाबा, थोरला ना तू?" काका म्हणाले. "भरती चढतेय."

आणि मी म्हणालो, "अप्पांनी मला नको म्हणून सांगितलंय."

"काय नको?"

"केस काढू नकोस म्हणाले. पितरांचं पान ठेवणं, श्राद्ध, काहीच करू नका म्हणाले. दवाखान्यात."

श्राद्ध मध्ये का ओढलं मी? नुसते केस कुणाला पटले नसते, म्हणून. खोटं उभं राहावं म्हणून त्याला अजून दोन टेकू दिले.

"अप्पा म्हणाला? दरवर्षी गावी येऊन म्हाताऱ्याचं पान ठेवणारा आमचा अप्पा?" काका माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "तुलाच सांगणार म्हणा. शिकलेला तू."

एका चुलतभावाने पाठीवर थाप मारली. "मानलं भावा. हिंमत लागते." आणि मला — बरं वाटलं. माझी डिग्री एवढी कधीच कामाला आली नव्हती.

घरी आल्यावर महेशने आईला सांगितलं. ती खिडकीपाशी बसलेली. "मला नाही बोलले," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कधी म्हणाले रे?"

"तू डबा करायला गेलेलीस तेव्हा."

"मी जायलाच नको होतं," आई म्हणाली.

खोलीत आम्ही तिघंच होतो. काका नाहीत, भावकी नाही. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? मी पाणी प्यायला उठलो.

पुढे कपाळ सुधारलं, झुपके गेले, वण झाकला. वस्तरा फिरवला तर दिसेल, एरवी नाही. लग्न झालं. बायको म्हणते, तुमच्या घरात केस तेवढे तुझेच बरे.

अप्पा असताना सासऱ्यांच्या तिथीला आई अळूवडी, उडदाचे वडे, खीर, सगळं हौसेने करायची. आता अप्पांच्या तिथीला भाकरी आणि एक भाजी करते आणि गॅलरीची खिडकी लावून घेते. बाहेर ग्रिलवर कावळा ओरडत असतो. "त्यांना नको होतं ना," ती म्हणते. कुणाला, कोण जाणे.

आणि मध्येच विचारते, "अजून काय म्हणाले रे त्या दिवशी?"

आधी मी टाळायचो. मग बनवायला लागलो. तुझी काळजी होती म्हणालो. तुझ्या हातच्या कढीची आठवण काढली म्हणालो. ती पदर तोंडाला लावून ऐकते, पुन्हा सांगायला लावते, आणि मी पुन्हा सांगतो — शब्द बदलू नयेत याची काळजी घेत. माझ्याकडे अप्पांचं एक खरं वाक्य आहे. कपाळाचं. मी उठून गेलेलो तेव्हा ती आत पोळ्या लाटत होती, तिने ते ऐकलेलं नाही. ऐकलं तर पोट धरून हसेल, त्यात अख्खे अप्पा आहेत. तेच तिला देता येत नाही.

यंदा ठाकुर्लीला आईकडे गेलेलो. सर्वपित्री होती, खिडकी बंद. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी गेले की माझंही काही करू नका हां. त्यांना नको ते मला कशाला? आणि तू तर केस काढूच नकोस. किती छान आहेत रे."

तिचा हात माझ्या डोक्यावरून मागे सरकायला लागला. मी मान काढून घेतली.

वाईट वाटलं का? वाटलं. पण ते नंतर. आधी वाटलं ते हे — चला, पुढचा वस्तराही टळला.