सावंतकाकांना मी कशी ओळखते?

गेल्या रविवारी मुलुंडला सावंतकाकांच्या शोकसभेला गेले होते. सोसायटीचा हॉल भरलेला... आणि त्यात मला ओळखणारं कुणीच नाही.

काकांचं नाव सावंत नव्हतं आणि ते मुलुंडलाही राहत नव्हते. ओळख पटेल असं सगळं इथे मुद्दाम बदललंय.

मी एका छोट्या पेपरात रिपोर्टर होते, तेव्हाची गोष्ट. काकांच्या सरकारी ऑफिसात धोकादायक इमारतींची पाहणी न करताच त्या राहण्यालायक ठरवल्या जात होत्या. हे मला काकांनी सांगितलं. बातमी छापून आली, माणसं वेळेत बाहेर निघाली... आणि मला पोलीस स्टेशनचं बोलावणं आलं. "माहिती दिली कोणी?"

फोन काढून घेतला. तासन्‌तास बसवून ठेवायचे. सोर्सचं नाव न सांगण्याचा पक्का हक्क देणारा कायदाच आपल्याकडे नाही, असं वकील म्हणाले. संपादक म्हणाले, "सांगून टाक ना, कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?"

नाही सांगितलं. प्रकरण हळूहळू थंडावलं, पण नोकरी गेली. फोन करणारे मित्रही कमी होत गेले...

काकांना परत भेटायचं नाही, असंच ठरलं होतं. एकदा घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर समोरासमोर आलो. दोघांनीही नजर वळवली.

तर रविवारी त्यांचा मुलगा जवळ आला. "तुम्ही बाबांना कशा ओळखता?"

"बागेत फिरायला यायचे ना... तिथे."

तो कसनुसा हसला. "बाबा चांगले होते हो, पण फार घाबरट. ऑफिसात काय चालायचं, सगळं माहीत होतं त्यांना. कधी तोंड नाही उघडलं."

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण "माझ्या घरीसुद्धा कळता कामा नये," असा शब्द काकांनी घेतला होता. आणि त्याच ऑफिसातली माणसं मागच्या रांगेत बसली होती. काकूंची पेन्शन त्यांच्याच हातून मंजूर व्हायची होती...

मग मी थाप मारली.

"घाबरट? अरे, बागेत एकदा पिसाळलेलं कुत्रं एका मुलीच्या अंगावर धावलं. आम्ही सगळे पळालो. तुझे बाबा छत्री घेऊन मध्ये उभे राहिले."

"आमचे बाबा?"

"हो रे. घरी सांगू नका म्हणाले होते."

तो मग आईजवळ गेला आणि वाकून तिच्या कानात सांगू लागला. काकू रडता रडता हसल्या...

मी चहा न घेताच निघाले. रिक्षात बसल्यावर मात्र रडू आवरेना.

रिपोर्टर असताना बातमीत कधी एक खोटं वाक्य लिहिलं नाही, ते रविवारी तोंडाने बोलले. खरी गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. आता मी एकटीच उरले.

काका, तुम्हाला थँक यू म्हणायचं राहूनच गेलं... तेवढं इथे म्हणते.