बुरण्याचा सोमवार

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बहिणीला नाही, लेकाला नाही, आमच्या मालकांना तर नाहीच नाही. देवापुढं बसले आणि मनात आली, तर घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका.

मला आमच्या कुत्र्याचा हेवा वाटायचा.

हसलात ना? हसा. बाई सवतीवर जळेल, जावेवर जळेल — मी पन्नाशी उलटलेली, घरात सून यायची वेळ झालेली, आणि जळत होते एका मुक्या जनावरावर! पण एवढंच असतं तर सांगायला बसले नसते. मुख्य गोष्ट पुढं आहे. मला जरा सावकाश येऊ द्या तिथवर.

कुत्रा लेकाचा. पुण्यात नोकरीला असताना हौसेनं घेतलेला, बीगल जातीचा, लोंबत्या कानांचा. नाव ठेवलं ब्रुनो. मग लेकाची बदली झाली बंगळूरला, आणि 'आई, थोडेच दिवस गं' म्हणत त्यानं पिल्लू सोलापुरात आमच्या दारात आणून सोडलं. थोडेच दिवस! अजून इथंच आहे. मालकांच्या जिभेवर ब्रुनो काही बसेना, त्याचा बुरण्या झाला.

आमच्या मालकांचं सात रस्त्याजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंखे, बोअरचे पंप उघडायचे आणि त्यात नवी तार भरायची. माणूस मुलखाचा अबोल. घरी आले की हातपाय धुणार, पाटावर बसणार आणि 'मीठ कमी हाय' एवढं बोलणार. मीठ बरोबर असलं तर तेवढंही नाही.

मी मोडनिंबची, माझं माहेर मराठी. सासर कानडी. सासूबाई होत्या तोवर हे त्यांच्याशी कानडीत बोलायचे, आणि काय सांगू, आवाजच बदलायचा त्यांचा! मऊ व्हायचा. मी ऐकून ऐकून कानडी शिकले. सगळं कळतं मला. पण माझ्याशी कधी एक शब्द कानडीत बोलले नाहीत. सासूबाई गेल्या आणि घरातली कानडी बंद पडली. मला वाटलं, विसरले असतील.

आणि मग हे पिल्लू आलं. पहिल्याच संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तर मागच्या अंगणातून आवाज आला — "बारो मरी, बा." ये रे पिल्ला, ये. तोच आवाज. सासूबाईंशी बोलतानाचा, माझ्या वाट्याला कधीच न आलेला. विळीवर माझा हात थांबला.

पुढचं तर विचारूच नका. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. ह्यांनी मागच्या पत्र्याखाली वेगळी शेगडी मांडली आणि त्याच्यासाठी अंडी उकडायला लागले! स्वतःला चहा करून घेणं माहीत नाही या माणसाला! सकाळी लिंगपूजा झाली की स्वतःच्या कपाळाला विभूती लावायचे, आणि उरलेलं बोट बुरण्याच्या कपाळाला. मी तिथंच तर उभी असायचे, पाण्याचा तांब्या घेऊन. माझी मी लावून घ्यायची.

आणि माझी मान. मी घरी ब्लाउज शिवते, वर्षानुवर्षं मशिनीवर वाकून मान गेलीय माझी. पट्टा लावते. हाक मारली कुणी मागून, तर मान वळत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. एकदा खुंटीवरचा पट्टा बघून ह्यांनी विचारलं होतं, "हे काय हाय?" मी सांगायला तोंड उघडलं तोवर ते चप्पल घालून बाहेर.

ही सबब नव्हे बरं का. सबब सांगायची नाही असं ठरवूनच बसलेय. फक्त मी कुठं उभी होते ते कळावं.

तर, तो सोमवार. मालकांचा सोमवार अगदी लहानपणापासूनचा, वडिलांनी धरायला लावलेला. संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याखेरीज काही नाही. कधी चुकला नाही, तापातसुद्धा नाही. त्या सकाळी हे पूजेला बसले आणि मी बुरण्यापुढं दूधभाकरीची ताटली ठेवली.

तो आला. शेपूट हलवत आला, भूक होती त्याला. तोंड खाली घालायला गेला आणि मध्येच थांबला. पुन्हा गेला. बारीकसा आवाज काढला, आणि मागं सरकून उभा राहिला, पाठीला पोक काढून, पाय आवळून. मी 'काय रे' म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं — पण डोळे तेवढे फिरवले. मान फिरवली नाही.

मला तिथंच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. त्याची मान दुखत होती. माझी दुखते तशी, वाकायच्या आधीच भीती वाटावी अशी.

तेवढ्यात हे पूजा आटोपून आले. भरलेली ताटली बघितली, आणि चेहरा असा उजळला ह्यांचा! "अगं, आज सोमवार न्हाय का! ह्यानं सोमवार धरलाय की! बघ, तोंड लावलं न्हाय!" लेकाला फोन केला. शेजारणीला बोलावून दाखवलं, तिनं कुत्र्याला हात जोडले. दुकानात जाऊन दिवसभर येईल त्याला तेच सांगितलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "व्हय की. भक्त हाय तुमचा."

का म्हणाले? — मला माहीत होतं, खरं सांगितलं तर हे दुकान बंद करतील. त्याला मांडीवर घेतील. कुठं दुखतंय म्हणून कानडीत विचारतील. आणि मी गळ्यात पट्टा घालून ते बघत उभी राहणार. मला ते बघायचं नव्हतं. दुसरं काहीही कारण नाही. मला ते बघायचं नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तरी...

मंगळवारी दुकानातून फोन आला. इतक्या वर्षांत दुकानातून घरी असा चौकशीचा फोन कधी आला नव्हता. "खाल्लं का गं त्यानं?" मी म्हणाले, खाल्लं. चाटूनपुसून खाल्लं. ताटलीतली भाकरी मी तोवर कोपऱ्यावरच्या गायीपुढं टाकून आले होते.

हेच ते. हे मी केलं.

दोन्ही रात्री 'झोपलाय, निजू द्या त्याला' म्हणून ह्यांना लांब ठेवलं. बुधवारीही तेच केलं. बुरण्या दाराशी एका जागी बसून होता. मी त्याच्या कानाला हात लावून बघितला, तव्यासारखा तापला होता. हात लावून बघितला आणि हात काढून घेतला! ताटली नुसती उंच पाटावर ठेवली असती तरी चार घास गेले असते त्याच्या पोटात. मान दुखते तेव्हा मी स्वतः ताट उंचावर घेऊन जेवते, मला का ठाऊक नव्हतं? तेवढंही केलं नाही मी.

त्या संध्याकाळी हे घरी आले. बुरण्या धावला नाही. ह्यांनी लाडानं त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं, आणि तो असा किंचाळला की शेजारचे दारात आले.

तसंच त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी गोचीड-ताप असेल म्हणून रक्त तपासलं. मग मानेला हात लावताच तो पुन्हा ओरडला. मानेत सुई घालून पाणी काढावं लागलं. मेनिंजायटीस निघाला. मेंदूभोवतीच्या आणि मणक्यातल्या पडद्यांना सूज. तरण्या कुत्र्यांना होतो म्हणे, बाहेरचे जंतू नसतात, अंगातली राखणच आपल्या अंगावर उलटते. डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधीपासून बंद आहे?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, सोमवारी खाल्लं नव्हतं, काल खाल्लं. डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाले. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

बुरण्या वाचला. मागचा एक पाय मात्र ओढतो. लवकर आणला असता तर तेवढं राहिलं नसतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या 'सांगता येत नाही'च्या आड लपत नाही.

आता गोळ्या चालू आहेत, स्टेरॉइडच्या. त्या मनानं बंद करायच्या नाहीत, महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत न्यायच्या. सूज दाबायची तर रोगाशी लढायची ताकदही दबते, म्हणून भटक्या कुत्र्यांजवळ जाऊ द्यायचं नाही, कच्चं काही द्यायचं नाही, साधा ओरखडा उठला तरी दवाखाना गाठायचा. भूक तर अशी लागते त्याला की पोळपाटसुद्धा चाटतो. पाणी पितो घटाघटा आणि दारापर्यंत जायच्या आत फरशी ओली. ती मी पुसते. गोळी भाकरीच्या घासात दडवून मीच भरवते, माझ्याच हातून घेतो. आणि रोज सकाळी त्याची मान खाली जाते की नाही ते मीच बघते, कारण दुखणं परतलं तर तिथंच आधी दिसणार. मालक आल्यागेल्याला सांगतात, "हिनं जगवलं ह्याला."

आणि स्वतःबद्दल काय सांगतात? "माझ्याच डोक्यात सोमवार घुसला. जनावर दुखण्यानं उपाशी, आन मी गावभर भक्ती सांगत फिरलो." त्यांनी सोमवार सोडला. बापानं दिलेला सोमवार, तापात न मोडलेला. देवाच्या नावानं आपण आंधळे झालो, आता कुठल्या तोंडानं धरायचा, म्हणाले. मी समोर बसून शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

अजून एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

बुरण्याला वाकावं लागू नये म्हणून ह्यांनी दुकानात लोखंडी पट्ट्या जोडून ताटलीसाठी उंच घोडी करून आणली. रंगबिंग देऊन. मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही आत जळलंच! इतकं सगळं होऊनही! मग थोड्या दिवसांनी दुसरी घोडी आणली, मोठी. म्हटलं ही कुणाला? ह्यांनी माझी खाली मांडलेली शेगडी उचलून त्या घोडीवर ठेवली, परात ठेवायला शेजारी फळी बसवली. उभ्यानं भाकरी थापता यावी म्हणून. "डॉक्टर म्हणले, मान दुखली की जनावर वाकत न्हाय," म्हणाले. मग माझ्या मानेकडं बघून म्हणाले — "नोयतदेन?"

दुखतंय का?

कानडीत. त्या आवाजात.

तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांना त्यांचा सोमवार परत मिळाला असता, आणि माझा हा एक शब्द गेला असता. मी मान हलवली. व्हय म्हणाले. रडायला आलं मला, तर त्यांना वाटलं, दुखण्यानंच.

आता रोज विचारतात. कानडीतच.

उद्या सोमवार आहे. आता सोमवारीही हे सकाळी जेवूनच दुकानात जातात. लवकर उठून भाकरी टाकायची आहे.