सिद्रामचा नंबर लागणार नाही, असा ठराव

सूत साठतं गोडाऊनमध्ये आणि किस्से साठतात कँटीनमध्ये. सुताचा स्टॉक वर्षातून एकदा तरी मोजतात. किश्शांचा कोणीच मोजत नाही, त्यामुळे त्यात चोरी नाही, घट नाही, नुसती वाढ! सोलापूरच्या एका कापड मिलमध्ये मी टाइमकीपर. कोण कधी आला आणि कधी गेला हे लिहायची नोकरी. मधल्या वेळात तो काय बोलला हे लिहून ठेवायची आवड. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाचे हे किस्से. सगळे एकाच माणसाचे.

सिद्राम बिराजदार अक्कलकोटकडचा, बी.कॉम., कॉस्टिंगमध्ये टेंपररी क्लार्क. अक्षर सुरेख, म्हणून मिटिंगचं प्रोसिडिंग लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. आमचे हेडक्लार्क तात्या भोसेकर यांचा नियम असा, की मिटिंग संपली की प्रोसिडिंगवर सगळ्यांच्या सह्या. सह्या झाल्याशिवाय चहा नाही. आणि सही झालेला ठराव बदलायचा, तर सात दिवसांची नोटीस काढून नवी मिटिंग! मालक एकदा चुकून वॉचमनच्या बदलीवर सही करून बसले, तर तात्यांनी त्यांनाही आठवडाभर थांबवलं होतं.

या सिद्रामनं कोणाला न सांगता एका बड्या मॅनेजमेंट कॉलेजला अर्ज केला, पुण्याला जाऊन पेपर दिला, आणि चक्क पुढच्या फेरीचं बोलावणं आलं! त्याच आठवड्यात बँकेत क्लार्कची नेमणूकही आली. बँक म्हणे, जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा आणि तीन वर्षं सोडणार नाही असं लिहून द्या. म्हणजे बँक धरली की कॉलेज गेलं. कॉलेजच्या आशेवर बसला आणि नंबर लागला नाही, तर दोन्ही गेलं. मिलमधलं टेंपररी तर जूनअखेर संपणारच होतं.

बिचारा ज्याला त्याला विचारायचा, "माझे चान्सेस किती?" आमच्या टेबलावर मॅट्रिकच्या पुढं कोणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं!

* * *

पहिला हिशेब तात्यांनी मांडला. किती जागा, किती अर्ज, भागाकार करून त्यांनी काढलं, "रुपयात दोन पैसे चान्स."

सिद्रामचा चेहरा उजळला.

"थांब. अजून वजावट आहे. मराठी मीडियम, एक पैसा वजा. तुझं इंग्लिश कानडी चालीवर जातं, एक पैसा. सूट नाही, एक पैसा. वडलांची ओळख नाही, दोन पैसे."

"तात्या, हे शून्याच्या खाली गेलं की!"

"मग? आपल्या मिलचा नफा गेली दोन वर्षं कुठं आहे? चाललंय ना?"

* * *

नरसय्या फोल्डिंगमध्ये कापड तपासायचा. फ्रेश, सेकंड आणि चिंधी, या तीन शब्दांत त्यानं अख्खं जग बसवलं होतं. त्यानं सिद्रामला खांद्याला धरून खिडकीच्या उजेडाकडं वळवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"सूत चांगलंय. काठ जरा ढिला हाय. सेकंड!"

"म्हणजे घेणार नाहीत?"

"येडा का काय? बाजारात सेकंडच आधी संपतो की!"

तोवर सिद्रामला मिळालेली ही एकमेव आशा.

* * *

मग गावाहून वडील आले. तेलाची घाणी आणि किराणा दुकान असलेला माणूस. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या कॉलेजात धंदा शिकवतात म्हणं. शिकवणारे मास्तर धंदा करतात काय?"

सिद्राम म्हणाला, "नाही, यप्पा. त्यांना पगार असतो."

"पगार वेळेवर?"

"हो."

"म्हणजे धंद्यातलं कळतंय त्यांना. जा बापडा!"

* * *

जाण्यापूर्वी आम्ही कँटीनमध्ये तालमीचा इंटरव्ह्यू घेतला. तात्या अध्यक्ष. त्यांचे सगळे प्रश्न रजेच्या नियमांवर! शेवटी शंकर माने बोलला. हा मोहोळचा, लूम खात्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारा.

"हे बग शिदू. माग बंद पडलाय. इणकर म्हंतोय जॉबर कामचुकार हाय. जॉबर म्हंतोय सूतच कुजकं हाय. सूतवाला म्हंतोय हवाच लई कोरडी हाय. तू मॅनेजर. काय करशील?"

सिद्राम म्हणाला, "तिघांकडून लेखी खुलासा मागवीन."

"आन माग?"

"कोणता माग?"

माने उठला, त्याच्याशी हात मिळवला आणि आम्हाला म्हणाला, "ह्यो मॅनेजर झालाय. आता शिकायला कशाला धाडताय?"

* * *

सिद्राम जाऊन आला. दुसऱ्या दिवशी चहाला सगळे त्याच्याभोवती.

"काय विचारलं रे?"

"इंटरव्ह्यू नंतर होता, तो बरा गेला. आधी आठ जणांना गोल बसवलं. एक विषय दिला आणि म्हणाले, चर्चा करा. अध्यक्ष कोण, ते सांगितलंच नाही! मी विचारलं, तुमच्यात सीनियर कोण? कोणी ऐकेना. सगळे एकदम इंग्लिशमधून सुरू झाले. एक टेबलावर मूठ आपटतोय, दुसरा त्याला बोलू देत नाही."

"मग तू काय बोललास?"

"मी कुठला बोलतोय? प्रोसिडिंग कोण लिहिणार?"

तात्यांचा कप हवेतच राहिला. "तू प्रोसिडिंग लिहिलंस?"

"सवय हो, तात्या! कोण काय म्हणाला, कोणी काय खोडलं, सगळ्यांचं कशावर पटलं. वेळ संपल्यावर उभा राहिलो, वाचून दाखवलं आणि म्हटलं, सह्या करा."

"केल्या?"

"सातही जणांनी केल्या. मूठवाल्यानंसुद्धा. मग कोपऱ्यात दोन प्रोफेसर बसले होते, त्यांच्याकडं नेलं. म्हटलं, सर, हजर होता, तुमचीही लागेल. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि केली."

माने म्हणाला, "आन च्या?"

"नाही दिला."

माने म्हणाला, "मंग संपलं!"

* * *

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तात्यांनी रीतसर मिटिंग घेतली. सोमवारी बँकेत हजर व्हायचं होतं आणि सिद्राम रात्रंदिवस घोळ घालत होता. विषय एकच. ज्याला चर्चेत तोंड उघडता आलं नाही त्याला जगातलं कुठलं कॉलेज घेणार, यावर आमचं एकमत झालं. नरसय्यानंही मान हलवली, "चिंधी." ठराव झाला: सिद्रामचा नंबर लागणार नाही, सबब त्यानं बँकेत रुजू व्हावं.

प्रोसिडिंग अर्थातच सिद्रामनं लिहिलं, सुरेख अक्षरात. तात्या, माने, नरसय्या, मी, सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी त्यानं स्वतःची केली. चहा आला. त्यानं घेतला नाही.

शनिवारी दुपारी गेटवर तार आली. सिद्राम भाड्याच्या खोलीत राहायचा, म्हणून त्यानं मिलचा पत्ता दिला होता. मीच ती कँटीनमध्ये नेली. सिद्रामनं वाचली, पुन्हा वाचली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवली. निवड झाली होती! होकार ताबडतोब तारेनं कळवायचा होता.

मान्यानं त्याला उचललाच. नरसय्या ओरडला, "मी म्हणलो होतो की, सेकंड आधी संपतो!"

तात्यांनी चष्मा पुसला, तार उलटसुलट पाहिली आणि घडी घालून परत दिली.

"अभिनंदन. पण बुधवारी सह्या झाल्यात. बँकेत रुजू व्हायचं असा ठराव आहे. तो मागं घ्यायचा तर सात दिवसांची नोटीस लागेल. मालकांना लागली, तुलाही लागेल."

कोणी हसेना, कारण तात्या हसत नव्हते.

सिद्राम खुर्ची ओढून बसला, खिशातून पेन काढलं, कोरा कागद पुढ्यात घेतला आणि अदबीनं विचारलं,

"तात्या, नोटिशीवर आजची तारीख घालू, की गेल्या शनिवारची?"