मीठ बघा की जरा

“मीठ बगा की जरा, भाऊ,” म्हणत मावशी वरणाचे चार थेंब माझ्या तळहातावर टाकायच्या. मी ‘बरोबर आहे’ म्हटलं, की मगच डबे भरायला सुरुवात व्हायची.

लातूरला आमच्या कार्यालयामागच्या गल्लीत त्यांचं पार्सलचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली आणि तिची खिडकी. वरण-भात, पिठलं, ज्वारीची भाकरी. दुसरं काही मागणाऱ्याला उत्तर ठरलेलं, “ते हाटेलात भेटतंय.” माझं कुटुंब मुखेडला, मी इथे एकटा, त्यामुळे रोजचा पहिला डबा माझा. मीठ मलाच विचारतात याचा मला मान वाटायचा. सरकारी नोकरीतल्या माणसाला कशातही मान दिसतो.

मग महालक्ष्म्या आल्या. नवरा-बायको दोघंही कामाला जाणारी घरं आता नैवेद्याचं पुरण आणि कटाची आमटीसुद्धा पार्सल नेतात, तुम्हीही पाहिलं असेल. गावी निघताना मी भाकरी घ्यायला थांबलो. खिडकीत आठ घरांचे डबे रिकामेच मांडलेले होते. सवयीनं मी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. नैवेद्याआधी चाखलं की अन्न उष्टं होतं.

“आत या, भाऊ,” मावशी म्हणाल्या. “आमटीत मीठ टाकलं का न्हाई, ध्यानातच न्हाई. मधी फोन आलता.”

“वासावरून अंदाज येत नाही का?”

“मला वासबी कळत न्हाई न् चवबी. दोन वरसं झाली, तापात गेली ती गेलीच. पोरीलाबी सांगितलं न्हाई. तिला कळलं तर हे बंद करायला लावंल. मग म्या दिवसभर काय करू?”

माझा मान तिथेच उतरला. मी चमचा उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“पाप लागंल, भाऊ.”

“अर्धं माझं,” मी म्हणालो.

आमटीत मीठ कणभरही नव्हतं. त्यांनी टाकलं, मी पुन्हा चाखलं. आठ घरच्या महालक्ष्म्या उष्टं जेवल्या आणि एकाही घरातून तक्रार आली नाही. माझी गाडी मात्र चुकली, आणि घरी खरं कारण सांगायची सोय नव्हती.

पुढे मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि लेकीनं त्यांना उदगीरला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा लेकीनं आम्हा दोघांना शेजारी जेवायला बसवलं.

“आई, आमटीला मीठ कसं झालंय?”

मावशींनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आमटी खारट होती. मी हळूच भुवया वर केल्या.

“जरा जास्त पडलंय, बाई. पन चांगली झाली,” मावशी म्हणाल्या.

“बघा भाऊ, आईची जीभ कशी हाय अजून!” लेक कौतुकानं म्हणाली. मावशी खाली बघून भात कालवत राहिल्या.

मावशी गेल्या त्याला आता वर्ष होईल. परवा लेकीचा फोन आला होता. म्हणाली, “सगळं तिच्यासारखंच करते, भाऊ, पन मिठाचा अंदाज तिचा तो तिचाच.”

“हो,” मी म्हणालो, “तो त्यांचाच.”