लग्न सुटं मिळेल

मंगल कार्यालयात नोकरी करते म्हटलं की लोक विचारतात, रोज लग्नंच बघून कंटाळा येत नाही का? अहो, कंटाळायला फुरसत कुठे! संध्याकाळी घरी गेले की चपला काढायच्या आत नवरा विचारतो, "आज काय झालं?" आणि सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करतात. आमच्या घरात मालिका माझीच चालते!

धुळ्याला देवपुरात आमचं कार्यालय. मालक आबा, स्वयंपाकघरात चिंधूभाऊ आणि बुकिंगच्या टेबलावर मी. पूर्वी आमच्याकडे फक्त पॅकेज मिळायचं. हॉल, जेवण, बँड, घोडा, एसी, सगळं एकगठ्ठा. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर रामराम! मग हायवेला मोठमोठी लॉन्स झाली आणि आमच्याकडे शुकशुकाट. आबांनी सांगूनच टाकलं, या सीझनला हॉल चालला नाही तर तो मोटरसायकलींच्या गोडाऊनला भाड्याने द्यायचा. मी म्हटलं, "आबा, सगळं सुटं विकू! ज्याला जे हवं तेवढंच घेऊ दे."

आबा उखडले. "लगीन काय भाजीपाला शे का, सुटं सुटं इकाले?"

पण दुसऱ्या दिवशी पेंटरला त्यांनीच बोलावलं. गेटवर बोर्ड लागला: 'येथे लग्नाच्या सर्व सेवा सुट्या मिळतील.' आणि मग जी गंमत सुरू झाली!

*

पहिलं गिऱ्हाईक दोंडाईचाचं. मुलीच्या काकांनी रेटकार्ड वाचलं आणि म्हणाले, "हॉल द्या, खुर्च्या नको. आमनी मानसं खाले बठतीन."

त्यांची माणसं बसली हो खाली. पण वऱ्हाड सुरतेहून आलेलं, कडक इस्त्रीच्या पँटींमध्ये! एकही जण बसेना. बसायला जागा नाही, म्हणून सगळे स्टेजपुढे उभे. सगळे उभे, म्हणून गुरुजींना घाई. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच लग्न मुहूर्तावर लागलं!

आबा घड्याळाकडे बघतच राहिले. मग हळूच मला म्हणाले, "बाकीना लगनमा बी खुर्च्या काढी टाक!"

*

धरणगावच्या एका मामांनी घोडा घेतला, पण घोडेवाला नको म्हणाले. "बैलं सांभाळणारी मानसं आम्ही. घोडा काय जड शे?"

घोडा जड नव्हता, पण त्याला सवय होती. गेला महिनाभर तो हायवेच्या एका लॉनवर कामाला जात होता. बँड वाजला, फटाके फुटले, आणि नवरदेवाला घेऊन तो सरळ पांझरेच्या पुलावरून पलीकडे! मामा मागून पळतायत, वरात मामांच्या मागे.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. नवरदेव कुजबुजत बोलत होता. "ताई, मी पोचलो. ओवाळून झालं, तोंडात पेढापण घातला. पण गेटवर नवरीचं नाव दुसरंच आहे!"

*

बँडपण आम्ही सुटा केला. ज्याला ढोल हवा त्याने ढोल न्यावा, ज्याला कीबोर्ड हवा त्याने कीबोर्ड. एकाच दिवशी खालच्या हॉलच्या पार्टीने नुसता ढोल घेतला आणि वरच्या गच्चीवाल्यांनी नुसता कीबोर्ड. दोन्ही वराती गेटवर एकदमच आल्या. यांच्याकडे ताल, त्यांच्याकडे सूर! मग काय विचारता! दोन्हीकडची माणसं एकमेकांत घुसली ती बाहेर यायचं नावच घेईनात.

चार दिवसांनी दोन्हीकडचे व्हिडिओवाले माझ्या टेबलापाशी. दोघांच्याही शूटिंगमध्ये सगळ्यात पुढे एकच मावशी, पदर खोचून, दोन्ही हात वर करून नाचतेय. "ही नेमकी कोणाकडची?"

मी मोबाईल हातात घेऊन बघितलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या भाकरीवाल्या मावशी! हातांना कळण्याच्या भाकरीचं पीठ तसंच!

*

हा मात्र माझा लाडका किस्सा. जळगावच्या एका पार्टीने जेवण घेतलं आणि वाढपी काढून टाकले. म्हणे बुफे आहे, ज्याचं त्याने घ्यावं. मीपण मान डोलावली.

चिंधूभाऊंचं भरीत म्हणजे लांबूनच पोट हाक मारतं! पण मुलाकडचे व्याही रिकामी ताटली घेऊन भरिताच्या पातेल्यापाशी उभे. पुढे जाईनात, मागे सरकेनात. कारण? "घ्या" म्हणणारंच कोणी नव्हतं! व्याही उभे म्हणून त्यांचे भाऊ उभे, भाऊ उभे म्हणून अख्खं वऱ्हाड उभं. शेवटी व्याह्यांनी ताटली खाली ठेवली. "आम्हले कोन्ही ईचारं बी नही!" झालं! रुसवे, फुगवे, मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी.

चिंधूभाऊ हात पुसत बाहेर आले. पुरी उचलली आणि व्याह्यांच्या तोंडासमोर धरली. "व्याहीसाहेब, मना गळानी आन शे तुम्हले! एकच!"

व्याही "नको नको" म्हणत आठ पुऱ्या जेवले. त्यानंतर रेटकार्डात मी नवी ओळ घातली: 'आग्रह वेगळा.' आणि खरं सांगते, आमच्याकडे सगळ्यात जास्त खप आता त्याचाच! परवा एक जण विचारत होते, "ताई, हाफ आग्रह मिळेल का? मुलाकडच्यांनाच करायचा. आमच्याकडचे आपोआप जेवतात."

*

मे महिन्यात एकांनी एसी घेतला तो फक्त स्टेजपुरता. धुळ्याचा मे! लग्न लागलं आणि आशीर्वाद द्यायला म्हणून जो वर गेला तो खाली उतरेना. नवरा-नवरी कुठे आहेत ते फक्त हारांवरून कळत होतं. फोटोग्राफर खूश: "अल्बमला एकच फोटो पुरेल, सगळे आलेत त्यात!"

तेवढ्यात स्टेजचा कोपरा करकरत खाली बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नवरदेवाचे आजोबा खुर्चीसकट घसरत आले ते थेट पहिल्या रांगेतल्या आबांच्या मांडीवर!

त्यावर गाव हसलं, आबा नाही हसले. "मीना, बठ्ठा धुळामा हसं व्हयनं. उद्या तो बोर्ड उतराव." गोडाऊनवाल्यालाही त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मला इतकं रडू आलं की सांगता सोय नाही.

*

सकाळी पेंटर बोर्डाला शिडी लावून वर चढला होता. खाली एक साठीचे गृहस्थ उभे राहून बोर्ड वाचत होते. वाचून आत आले.

"ताई, यातली फक्त पाठवणी मिळेल का?"

"लग्न कधी आहे?"

"झालं. कोर्टात केलं पोरीने. मी गेलो नाही." खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. "तिची आई जाऊन येते तिच्याकडे. म्हणते, जावई चांगला आहे, घर चांगलं आहे. मी नाही पाहिलं. पण पोरगी घरातून तशीच निघून गेली हो. पाठवणी राहिली तिची."

आबा दारात येऊन कधी उभे राहिले ते मला कळलंच नाही. ते म्हणाले, "एखली पाठवणी भेटाव नही."

माझा चेहरा पडला. आबा पुढे म्हणाले, "लेकीले उपाशी पोटे कोन्ही धाडस का? चिंधू, पुऱ्यासनी तयारी कर!" मग गेटकडे वळून ओरडले, "अरे पेंटर, उतर खाले! ऱ्हाऊ दे तो बोर्ड!"

रविवारी पोरगी आली. हिरवी साडी, कडेवर लहानगी, सोबत नवरा. पाहुणे नव्हते, म्हणून आम्हीच पाहुणे झालो. मी ओटी भरली. चिंधूभाऊंनी जावयाला पोट धरेपर्यंत वाढलं. सनईवाल्याने सूर लावला आणि आमच्या भाकरीवाल्या मावशी सगळ्यांच्या आधी रडायला लागल्या, ओळख ना पाळख!

वडील मात्र हात मागे बांधून ताठ उभे. पोरगी पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो काढायला विसरले.

ती लहानगीला घेऊन गाडीत मागे बसली. जावई स्टिअरिंगवर. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "अशी एखली कशी धाडतस पोरले? पाठराखीण कोण जाई ऱ्हायनं?"

पोरीच्या आई माझ्याकडे बघायला लागल्या, मी आबांकडे. पाठराखीण काही आमच्या रेटकार्डात नव्हती. जावयाने गाडी सुरू केली.

वडील गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. पुढचं दार उघडलं, आत बसले, बेल्ट लावला. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले,

"चला जावईबापू. पाठराखीण बसली!"