छेद जुळेना

बाईंनी सव्वीस वर्षं पाचवीला गणित शिकवलं. कुणाचं अपूर्णांकाचं घोडं अडलं की बाकीचे शिक्षक म्हणायचे, "जा छेदवाल्या बाईंकडे."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंच्या मेंदूत बारीकशी गुठळी अडकली. आठवड्याभरात हात चालू लागला, जीभ वळू लागली. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. शाळा उघडली. बाईंनी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिलं आणि खडू तिथेच थांबला. पुढचं काही आठवेना.

"कोण सोडवणार?" त्या वर्गाकडे वळल्या.

सहा आठवडे हेच चाललं. मुलांना फळ्यापाशी बोलवायचं, "बरोबर का रे?" विचारायचं, आणि आवाज जास्त जिकडचा, तिकडे बरोबरची खूण. घरी दार लोटून त्या आपल्याच जुन्या वह्या उघडायच्या. अक्षर स्वतःचं, अर्थ मात्र परका. एकदा तर त्यांनी कपाळ भिंतीवर आपटून घेतलं.

मग एका सोमवारी मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने फळ्यावरच्या त्याच पहिल्या बेरजेपुढे पाच षष्ठांश लिहिलं.

"चूक!" वर्ग ओरडला. "वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. दोन पंचमांश!"

बाईंनी तिच्या उत्तरावर फुली मारली.

"पण बाई, दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी. मिळवल्यावर कमी कसं होईल?"

"बस खाली!" बाई खेकसल्या. पोरीने चष्मा काढून डोळे पुसले.

संध्याकाळी बाई नवऱ्याच्या शिलाई मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मला काही येत नाहीये हो. काहीच."

नवऱ्याने पायडल थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मग कापडाची एक पट्टी फाडली आणि खडूने तिची सहा घरं पाडली. "तुझं ते छेदबिद मला कळत नाही. हिचं अर्धं म्हणजे किती घरं?"

"तीन."

"आणि तिसरा हिस्सा?"

"दोन." बाईंनी घरं बोटाने मोजली. "सहातली पाच. पोरीचं बरोबर होतं! पण सहाच घरं का पाडलीत?"

"अर्धं नि तिसरा हिस्सा, दोन्ही पुऱ्या घरांत बसावेत म्हणून."

बाईंनी घाईघाईने लिहून ठेवलं. भांडी घासून परत येईतो कागदावर पुन्हा नुसत्या रेघोट्या दिसत होत्या. त्या तिथेच फरशीवर बसल्या. नवरा शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या म्हणाल्या, "काल हिचं बरोबर होतं. मी चुकले. मला हे येईनासं झालंय." मग त्या मुख्याध्यापिकेकडे गेल्या आणि सहा आठवड्यांचं सगळं सांगून टाकलं.

आता त्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतात. येईल हळूहळू परत, नाहीतर नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणतात. मधल्या सुट्टीत त्या तीच बेरीज मांडतात. बहुतेक दिवशी उत्तर दोन पंचमांशच येतं, आणि बरोबर आहे की चूक, हे त्यांना चष्मेवालीला विचारावं लागतं.