नारळाची तारीख

यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा माझं नाव खालून चौथं होतं. महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात मशिन ऑपरेटरांमध्ये कोण किती जुना, ते सांगणारी ती यादी. एक लाइन बंद होणार, सहा जण कमी होणार आणि शेवटी आलेला आधी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मी गेल्यातच जमा. एकवीस वर्षं या कंपनीत घासलेला माणूस मी, आणि माझ्या नावापुढे नोकरी बारा वर्षं! मी तणतणत ऑफिसात गेलो. साहेबांनी शांतपणे फाइल उघडून एक फॉर्म पुढे केला. अक्षर माझंच, सहीही माझीच. "तुम्हीच लिहून दिलंय. हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्या," ते म्हणाले. राग गिळून बाहेर आलो.

ती तारीख मी कुठून आणली, तेही सांगून टाकतो. पहिली नऊ वर्षं मी याच कंपनीच्या चिंचवडच्या कारखान्यात होतो. तो बंद झाला आणि आम्हाला इकडे आणलं. नवं मशिन मिळालं की आमच्यात त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडतात आणि ऑपरेटर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवतो. त्या दिवसापासून मशिनशी आपला संसार सुरू. पुढे कधीतरी फॉर्म आला, त्यात रुजू झाल्याची तारीख विचारली होती. मी पॅनेल उघडलं, नारळाची तारीख बघितली आणि झोकात लिहून मोकळा झालो. नवा कारखाना, नवा तिकीट नंबर, तेव्हा नोकरीही नव्याने मोजतात, अशीच माझी पक्की समजूत होती. आधीच्या नऊ वर्षांवर मी स्वतःच पाणी सोडलं होतं.

इथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे रविवारचा खंडोबा आम्हाला गुरुवारीच भेटतो. मी राजगुरुनगरच्या बाजूला, डोंगरावरच्या देवळात गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. इतकी वर्षं न चुकता येतोय, पोरीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, आणि आताच का, असं विचारायचं होतं. नारळ आपटला, फुटेना. दोनदा, तीनदा आपटला. डोळ्यांत पाणी आलं. पायरीवर एक धोतरातले म्हातारेबुवा बसले होते. "आण हिकडं," म्हणाले. एका फटक्यात नारळ फोडून त्यांनी दोन्ही भकलं माझ्या हातात दिली. "कशापायी एवढा कावलायस, बाबा?"

अनोळखी माणसापुढे मी कधी बोलत नाही. त्या दिवशी मात्र यादीपासून फॉर्मपर्यंत सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले. मला रागच आला. मग म्हणाले, "आमी कारखान्याच्या टाइम ऑफिसात हाजरी लिव्हली जलमभर. मला सांग, कंपनी तीच हाय का?"

"तीच."

"राजीनामा देऊन आलास का बदलीवर?"

"बदलीवर."

"मधी घरी बसलास?"

"एक दिवस नाही."

"मग नोकरी तुटली कुठं? नारळ मशिनचा फोडला. तुझी नोकरी त्याच्या आधीपास्नं चालूच हाय. बदलीचं पत्र बघ, त्यात लिव्हलेलं आसंल."

प्रसाद घेऊन मी वळलो, तोवर ते उठून पायऱ्या उतरायला लागले होते. नाव विचारायचं राहिलंच.

चिखलीला घरी येऊन कपाट उपसलं. पत्र नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "अहो, ते तुम्हीच देवापुढे ठेवायला दिलं होतं ना? तिथून मी हलवलंच नाही." देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखालचं लाल कापड तिने उचललं. कापडाखाली घडी घातलेलं पत्र होतं, भंडाऱ्याने पिवळं झालेलं. आधीची नोकरी अखंड धरली जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ती ओळ मी तोवर कधी वाचलीच नव्हती. मी तिथेच खाली बसलो आणि पोटभर रडलो.

अर्ज दिला आणि तारीख दुरुस्त झाली. माझं नाव वर गेलं. पण माझी जागा रिकामी राहणार नव्हती. खालून सातवा होता तो दत्ता, लातूरकडचा, माझ्या शेजारच्या मशिनवरचा, कमी होणाऱ्या सहांत आला. मला त्याच्याकडे बघवेना. तोच जवळ आला. "भाऊ, तुमच्या हक्काचं तुम्हाला मिळालं. मनाला कशाला लावून घेताव?"

तेव्हा मला त्या म्हाताऱ्यांचे प्रश्न आठवले. मी दत्ताला एकेक विचारत गेलो. कामावर बोट चिरडल्यामुळे तो पाच महिने घरी होता. हजेरीचे दिवस कमी भरले म्हणून ते अख्खं वर्ष नोकरीत धरतच नाहीत, असं तो समजून चालला होता, आणि यादीसोबत लावलेल्या हिशेबाच्या कागदातही ते गळलेलं होतं. कामावरच्या दुखापतीने नोकरी तुटत नाही, हे आम्ही विचारून पक्कं केलं आणि अर्ज लिहिला. त्याची नोकरी वाचली नाही, यादीत वरचे सगळे त्याहून जुनेच होते. पण ते वर्ष त्याच्या नावावर परत आलं आणि जाताना मिळणाऱ्या पैशांत धरलं गेलं.

म्हातारेबुवा कोण होते, या वादात मी पडत नाही. मी देवाला यादी बदलायला सांगायला गेलो होतो, आणि त्याने मला माझंच अक्षर दुरुस्त करायला लावलं. मी सोडून दिलेली नऊ वर्षं त्याने आपल्या पायाशी जपून ठेवली होती. आता भार त्याच्यावर टाकून मी निर्धास्त आहे. पत्र पुन्हा टाकाखाली ठेवलं आहे; झेरॉक्स मात्र या वेळी तीन काढल्या.

शेवटच्या दिवशी दत्ताने मशिन पुसलं, पॅनेल उघडलं आणि आपल्या नारळाच्या तारखेखाली त्या दिवसाची तारीख लिहिली. मग त्याने मशिनला हात जोडले. शेजारी उभा राहून मीही जोडले.